ओमेश्वरचा रोवणा

ओमेश्वर माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात त्याची बऱ्यापैकी धानाची शेती आहे, आणि शेतीहून मोठा त्याचा आवाज. फोनवर बोलतो तेव्हा समोरच्याला फोन कानाला लावायची गरज उरत नाही. मन मात्र मऊ. त्याची एकच अढी होती. आम्हा पटल्यांच्या घरचं माणूस दुसऱ्याच्या बांधीत राबायला जात नाही, हे तो दर पावसाळ्यात एकदा तरी ऐकवायचा. बांधी म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं धानाचं शेत. स्वतःच्या बांधीत तो गुडघाभर चिखलात उतरेल, पण शेजाऱ्याच्या बांधाशी पोचला की त्याची कंबर दुखायला लागते.

२००४ साली त्याच्या मुलीला, रिंकीला, इंग्लंडमधल्या एका शेतावर उन्हाळी नोकरी मिळाली. ती नागपूरला शेतकी शिकत होती. शेत म्हणजे संशोधनाचं, अंगात पांढरा कोट, हातात काचेची नळी, असं चित्र ओमेश्वरनं स्वतःच काढलं, आणि रिंकीनं ते पुसलं नाही. राइस मिलपासून पानठेल्यापर्यंत सगळ्यांना कळलं की पटल्यांची रिंकी इंग्लंडात साहेब होऊन राहिली.

तिथे हेरफर्ड शहराजवळ ओमेश्वरचा शाळेतला दोस्त खेमराज मेश्राम डॉक्टर होता. त्यानं फोन केला, "पोरीले सोडायले येतच आहेस तं नोकरी लागायच्या आधी आठवडाभर सारे घरी राहा." मग ओमेश्वर, त्याची बायको भूमेश्वरी, रिंकी आणि मी असे चौघं निघालो. मला नेण्याचं कारण ओमेश्वरनं लपवलं नाही. "काकीजी, तुमाले कान्व्हेंटचं इंग्रजी येते. आमचं तिकडं कोन ऐकून घेईल?" माझं इंग्रजी जबलपूरच्या आयरिश नन्सनी पन्नास वर्षांपूर्वी दिलेलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं ते ऐकून टोपी सारखी केली, यावरून ते अजून चालतं असं मी धरलं.

भूमेश्वरीनं चिन्नोर तांदळाची थैली आणि बरणीभर लोणचं नेलं होतं. खेमराजनं थैलीत नाक घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. त्याची बायको ललिता म्हणाली, "यांनी मले कधी असं हुंगलं नाही."

पहिले दोन दिवस छान गेले. डॉक्टर माणूस जेवणानंतर स्वतः ताटल्या धुतो, हे पाहून ओमेश्वर जरा अस्वस्थ झाला होता, तेवढंच. तिसऱ्या दिवशी ललितानं बाजारातून रिंकीसाठी रबरी बूट आणि गुडघ्याला बांधायच्या गाद्या आणल्या.

"हे कायले?" ओमेश्वरनं विचारलं.

"स्ट्रॉबेरी तोडायले, भाऊजी. दिवसभर गुडघ्यावर बसा लागते."

रिंकी खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"तू मजुरीले आली?" ओमेश्वरचा आवाज बहुधा शेजारच्या तीन घरांत गेला.

"बाबूजी, कॉलेजातली सारी पोरं असंच शिकतात. शेत पाहून होत नाही, करा लागते."

"करायले आपली बांधी नाही काय? दुसऱ्याच्या वावरात पटल्यांची पोरगी वाकनार नाही. आमच्यासंगच वापस चल."

रिंकी रडली नाही. बूट उचलून दाराशी नीट लावले आणि खोलीत गेली. भूमेश्वरी तिच्या मागे गेली. खेमराज ताटल्या धूत होता. ओली ताटली हातात तशीच धरून तो वळला.

"काऊन गा ओमेश्वर, माही माय तुमच्या बांधीत रोवना करे, तवा तं तुमची इज्जत वाढत होती. आता तुही पोरगी वाकली तं कमी होते काय?"

तो हसत म्हणाला, पण हसू ओठांपुरतंच होतं. खेमराजची आई गीताबाई आमच्या बांधीत रोवायला, म्हणजे धानाची रोपं लावायला, यायची, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी तसं बोललं नव्हतं, इतकंच.

"चाय मिळेल काय?" ओमेश्वर म्हणाला.

"किटली तिथं आहे, भाऊजी," ललिता म्हणाली. "इथं ज्याची त्यानं करा लागते."

त्यानं केली. फार वाईट झाली. आम्ही सगळ्यांनी प्यायली.

सकाळी त्यानं हुकूम सोडला, "वावर तं दाखव." आम्ही गेलो. लांबच लांब ओळी, त्यांत गवताचा पेंढा अंथरलेला, आणि एक पांढऱ्या केसांची बाई गुडघ्यांवर बसून फळं तोडत होती.

"हे मजूर म्हातारी आहे," ओमेश्वर म्हणाला.

"ही मालकीण आहे," मी म्हणाले.

त्यानं तिच्याकडे परत पाहिलं. बाई उठून आली, हात मिळवला आणि म्हणाली, यांना तोडून पाहायला आवडेल का? मी भाषांतर केलं, "विचारते, तुला जमेल काय?" नन्सनी मला याबद्दल बाकावर उभं केलं असतं, पण तिथे त्या नव्हत्या.

ओमेश्वरनं लगेच बूट काढले. मग मोजेही. आमच्याकडे उभ्या पिकात पायताण घालून कोणी जात नाही. थंडी अशी की माझी शाल दुहेरी होती, आणि हा गृहस्थ अनवाणी त्या ओल्या पेंढ्यावर. बाईनं घाबरून मला विचारलं, यांना काय झालं? मी सांगितलं, शेताचा मान ठेवतोय. ती पलीकडच्या ओळीत जाऊन पुन्हा गुडघ्यांवर बसली. दोघंही तोडू लागले. थोड्या वेळानं रिंकी नवे बूट घालून तिसऱ्या ओळीत बसली. ओमेश्वरनं मान वर केली, तिला पाहिलं आणि ओरडला, "देठ ठेवून तोड वं! फळ दबून राहिलं!"

दुपारी बाई त्याला मजुरी द्यायला लागली तेव्हा त्यानं हात मागे घेतले. "सांगा काकीजी, आमी मजुरी घेत नाही. गावात आमी अदलाबदल करतो. आज आमी तुमच्या वावरात, उद्या तुमी आमच्या बांधीत." मी सांगितलं. गावात अदलाबदल होते खरी, पण त्यात पटले कधी नव्हते, तेवढं मी गाळलं.

गाडीत खेमराज म्हणाला, "ते म्हातारी काही येत नाही तिरोड्याले. आमच्या मायसंगची अदलाबदल मात्र बाकी आहे, गा."

ओमेश्वर पाय चोळत बसला होता. त्याला कडक सर्दी झाली, पण रिंकी राहिली. विमानात शेजारच्या रिकाम्या जागेवर, येताना रिंकी बसली होती तिथं, त्यानं आपली थैली ठेवली आणि कोणाला बसू दिलं नाही.

जुलैत खेमराजच्या भावाकडे रोवणा सुरू झाला, आणि एका सकाळी ओमेश्वर धोतर खोचून त्यांच्या बांधीत उतरला. घरी तो तालुक्याला जातो म्हणून सांगून निघाला होता. पण त्याच्या आवाजानं साऱ्या शिवाराला तो कुठे आहे ते कळलं. मी पाहायला गेले. गीताबाई आता ऐंशीच्या घरात, बांधावर छत्री धरून बसलेल्या. त्यांनी त्याची एक ओळ पुरी होऊ दिली. मग छत्रीची दांडी चिखलात टेकवली.

"ओमेश्वर, ओळ वाकडी चालली. तुहा बाप असता तं मले उपटून परत लावायले लावलं असतं."

"मंग मी बी लावतो, माय," तो म्हणाला, आणि सगळी ओळ उपटली.