फॅन डायरेक्ट करनार न्हाई

न्हाई म्हन्जे न्हाई! रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करनार न्हाई. सांग जाऊन तुझ्या बाळूदादाला. घरी बसून फोनवर म्हनतो, "दोन वायरी तर जोडायच्यात, त्यात एवढं काय?" आरं, दोनच वायरी हायेत तर तूच जोड की! उद्या ह्याच गाडीत तुमच्या आईला डायलिसिसला पुन्याला न्यायचंय. चाकणच्या ट्रॅफिकमधी गाडी उकळली, तर मावशीला काय पाठीवर घेऊन जानार हाय का?

तू बस, संतोष. तुझ्यावर राग न्हाई. तू धाकटा, वरनं सांगितलं ते हितं येऊन बोलतो. पन ह्या आळेफाट्यावर गॅरेज टाकल्यापास्नं रोज एक तरी असला शाना येतो. फॅन आन् एसी म्हनलं की लोकांची डोकी इंजनाच्या आधी तापत्यात. एक किस्सा इसरावा म्हनलं, तर दुसरा दारात हॉर्न वाजवत उभा!

*

डायरेक्टचंच ऐक. ओतूरचा एक पिकअपवाला. फॅन लागंना. गड्यानं फ्यूज बघितला न्हाई, फॅन चालू-बंद करनारा रिले बघितला न्हाई. ब्याटरीवरनं सरळ वायरी आनल्या आन् फॅनला जोडल्या. मधी फ्यूजच न्हाई, वायर तापली तर पेटायलाच मोकळी! फॅन लागला भिर्र. तरी गाडी गरमच.

आला तो तावातावात. "फॅन फिरतोय, डोळ्यानं दिसतोय. आता तुमी इंजन खोलायला सांगनार, म्हाईत हाय आमाला!"

मी म्हनलं, "टोपी दे तुझी."

गाडी चालू करून टोपी पुढच्या जाळीसमोर धरली. फॅन हवा आत वढतो, म्हन्जे टोपी जाळीला चिकटाय पायजे. टोपी उडाली ती थेट चहाच्या टपरीत! गड्यानं वायरी उलट्या जोडल्याल्या, फॅन उलटा फिरत व्हता. पुढनं येनारी हवा आत घ्यायची सोडून तिलाच भाईर हाकलत व्हता.

पिकअपवाल्यानं जरा इचार केला. म्हनला, "मग गाडी रिव्हर्समधी चालवू का?"

*

एसी गार पडंना की आमच्याकडं एकच औषध. "गॅस संपलाय, गॅस भरा." आरं, सैपाकाचा शिलिंडर हाय का तो? पाइपात बंद आसतोय. कुठं गळलं तरच कमी व्हतोय.

एक कांद्याचे शेट. दिवसभर कार घेऊन मार्केटात. "गॅस भर."

"आधी बघू तरी द्या."

"बघायचं काय त्यात? भर म्हनतो ना!"

मी बी ऐकनारा न्हाई. पुढचा बंपर काढला. रेडिएटरच्या पुढं एसीची जाळी आसती, ती कांद्याच्या फोलपटांनी गच्च! हवेला शिरायला वाट न्हाई. फॅन बिचारा वढून वढून दमल्याला.

मी म्हनलं, "शेट, गॅस भरपूर हाय. बेसन तेवढं आना!"

*

घाटघरच्या एका पावन्याचा फोन. आवाज एकदम बारीक. "भाऊ, बोनेटात बिबट्याचं पिल्लू शिरलंय."

घाट चढून गाडी अंगनात लावली, किल्ली काढली, तर आतनं घुर्र घुर्र. आर्धी वाडी काठ्या घेऊन गाडीभवती उभी.

मी इचारलं, "आता घुरघुरतंय का?"

"न्हाई. झोपलं वाटतं."

त्याला समजावलं, बाबा, काही गाड्यांत इंजन लई तापलं की किल्ली काढल्यावरबी फॅन थोडा येळ फिरतो. तो फॅन हाय, बिबट्या न्हाई. हसला, फोन ठेवला.

पुढच्या हप्त्यात तीच गाडी दोर बांधून वढत आनली. इंजन उकळून बसल्यालं. बघतो तर फॅनचा फ्यूजच जाग्यावर न्हाई.

"फ्यूज कुठाय?"

"मीच काढला. घरातली पोरं लई भ्यायची."

"मग आता?"

"आता न्हाई भेत."

*

एकदा निसारभाईंबरबर जुन्नरहून येत व्हतो. निसारभाई म्हन्जे रेडिएटरवाले, माझ्याकडचा गळका रेडिएटर त्यांच्याकडंच जातो. रस्त्याच्या कडंला नवरदेवाची गाडी वाफा सोडत उभी. पुढनं सगळी झेंडूनं मढवल्याली. जाळी म्हनून दिसत न्हवती!

मी खाली उतरून पैला हारांना हात घातला. नवरदेवाची आत्या धावली. "हात लावू नका! अपशकुन व्हतो!"

माझं टाळकं सटकलं. "मग हवा कुठनं आत जानार, तुमच्या नाकातनं?"

झालं, वऱ्हाड माझ्या अंगावर! निसारभाई मधी आले. त्यांचा आवाज कधी चढत न्हाई. म्हनले, "आत्याबाई, लगीन कोनाचं हाय? नवऱ्याचं का रेडिएटरचं?"

"नवऱ्याचं."

"मग हार त्याला घाला ना!"

आतनं घामाघूम नवरदेवानं खिडकीतनं गपचिप मान भाईर काढली.

*

आता तुमच्या घरचा किस्सा ऐक. बाळूदादानं तुला सांगितला नसंल.

मागच्या खेपेला मावशीला घेऊन निघाला. चालत्या गाडीत एसी गार, थांबली की गरम वारा. तवाच कळाय पायजे व्हतं का फॅन लागत न्हाई. चाकणला गाड्या तुंबल्या, इंजनाच्या गरमीचा काटा लालमधी. मला फोन.

मी म्हनलं, "कडंला घे, बंद कर."

"मधीच अडकलोय, कडंला जाताच येईना!"

"मग एसी बंद कर, हिटर फुल लाव. इंजनाची गरमी आत येती, काटा उतरंल. आन् काचा खाली..."

फोन कट.

जरा येळानं परत फोन. लई खूष! "काटा उतरला राव! भारी आयड्या दिली!"

"काचा खाली घेतल्या का?"

"न्हाई, धूळ येती. सीटकव्हर नवीन हायेत."

मागनं मावशीचा आवाज आला. "बाळू, गाडी गार झाली का रं?"

"झाली, आई!"

"मग मला जरा बोनेटात बसव."

*

ऊठ, संतोष. गाडीत बस, चालू कर, एसी लाव, म्हन्जे फॅन लागाय पायजे. फॅन लागला न्हाई तर आधी फ्यूज बघतो, मग रिले, मग मोटर. त्याबिगर गाडी हितनं हालनार न्हाई. बोनेटचा खटका वढ.