पाचोळ्यावरचे लाल थेंब

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी बशीत टिकलीएवढी, चकतीसारखी लाल बुरशी ठेवली आणि मला संतपूरकडची झाडी आठवली. रानडुकरानं माझ्या वडिलांची, अप्पांची, मांडी फाडली होती. तसेच ते कुऱ्हाड घेऊन त्याच्यामागं झाडीत घुसले. डुकराची किंकाळी आली, कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले आणि मग सगळं गप्प झालं.

"रगात बघत चल," अप्पांना शोधायला झाडीत शिरताना थोरली अक्का मला म्हणाली.

पाचोळ्यावर लाल थेंब दिसत होते, पुढं तर जास्तच. मी रडत एकावर बोट ठेवलं. तो पुसला नाही, अख्खाच उचलून आला.

"अक्का, हे रगात न्हाई!"

मागून अप्पा ओरडले, "तिकडं कामून जायलाव गं? मी हितं पडलोय!"

सरांनी बुरशीचं नाव लिहायला सांगितलं. मी आधी चकतीला बोट लावलं आणि बोट कोरडं आहे ना, ते बघितलं.