राखणदाराचा नारळ

आमच्या मंडळाची यंदाची जाखडी ज्या रंगमंचावर झाली, तो रंगमंच जगात कुठेही नाही.

जाखडी म्हणजे शाहिराच्या गाण्यावर फेर धरून नाचायचा कोकणातला नाच. पण नाचणारी सगळी पोरं मुंबईला नोकरीत, रजा कुणालाच नाही. लांज्याला राहिलो आम्ही दोघे: मी आणि मंडळाचे शाहीर आबाकाका. तेव्हा माझ्या मुलीने, सायलीने, इंटरनेटच्या आभासी दुनियेत कार्यक्रम ठरवला. तिथे प्रत्येकाचं एक बाहुलं असतं, आणि बाहुल्यांनी भरलेलं सभागृह. पोरं फोनवरून येणार, आबाकाका आमच्या ओटीवरून गाणार आणि डोळ्यांवर ती दुनिया दाखवणारा डबड्यासारखा चष्मा चढवून मी नाचणार. (काकांनी चष्मा नाकारला. घाण्याच्या बैलाला झापडं लावतात, शाहिराला नाही, म्हणाले.) हा कार्यक्रम पडला तर मंडळ बंद, हेही त्यांनी सांगून टाकलं.

कार्यक्रमाच्या वेळी काका गाईनात.

"ह्या जागेचा राखणदार कोण हाय? त्याला गाऱ्हाणं घातल्याबिगर मी तोंड उघडणार नाय."

सायली म्हणाली, ही जागा म्हणजे परदेशातला एक संगणक आहे. काका म्हणाले, मग तिथला राखणदार; प्रत्येक जागेला राखणारा देव असतोच, आणि त्याच्यापुढे आधी नारळ ठेवावा लागतो. तिने पडद्यावर नारळाचं चित्र ठेवून दाखवलं. काकांनी विचारलं, यात पाणी आहे का? शेवटी बायकोने घरातला खराखुरा नारळ आणला. पण ठेवायचा कोणी? ज्याला जागा दिसते त्यानेच! म्हणजे मी.

काकांनी देवाला विनवायचं ते गाऱ्हाणं सुरू केलं. दर वाक्याला सभेने "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. पण सगळ्यांचे माइक बंद! बाहुली ढिम्म. काकांचा आवाज बसत चालला.

मी नारळ हातात घेऊन चष्मा चढवला, आणि समोर सुंदर रंगमंच दिसला. मी त्याच्या कडेवर नारळ अलगद ठेवला आणि हात सोडला. रंगमंच तिथे होता, आमच्या ओटीवर नव्हता. नारळ थेट माझ्या अंगठ्यावर! मी एका पायावर उडालो, गिरकी घेतली, भिंतीला धडकलो. नारळ गडगडत बाकाखाली. चष्मा काढायला गेलो तर काका ओरडले, "अर्ध्या गाऱ्हाण्यात जागा सोडायची नाय!" मग मी चार पायांवर, आंधळ्यासारखा चाचपडत, कण्हत बाकाखाली शिरलो.

आणि चष्मा घातलेला माणूस जे जे करतो, ते ते त्याचं बाहुलं भर सभेत करतं.

आधी एक हसू ऐकू आलं, मग शिट्टी, मग पटापट सगळे माइक उघडले. काकांनी संधी साधून आवाज चढवला, आणि मुंबईतल्या खोल्याखोल्यांतून "व्हय म्हाराजा" असं आलं की लॅपटॉप थरथरला. नंतरची जाखडी अशी रंगली, की काकांचे डोळे भरून आले. मंडळ जगलं! पोरांनी तिथेच शब्द दिला: गणपतीला रजा मिळो न मिळो, गावी येणार, प्रत्यक्ष नाचणार.

अट एकच. एका पायावर उडून गिरकी घ्यायची ती नवी चाल मी त्यांना शिकवायची. आयुष्यभर तालात नाचलो, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी सराव असतो, आणि ती चाल मला आपणहून काही केल्या जमत नाही, म्हणून बायको फार आनंदाने माझ्या पायावर नारळ टाकते.