कूलरची कुरकुर

आज खण आवरताना अब्बांचा जुना स्क्रू-ड्रायव्हर हाताला लागला. त्याच्या लाकडी मुठीला ग्रीसचा वास अजून तसाच आहे. त्या वासासरशी मला माझ्या पीएचडीच्या प्रस्तावाचा दिवस आठवला.

जुने कामगार यंत्राचा बिघाड नुसत्या कानानं कसा ओळखतात, हा माझा विषय होता. त्यासाठी मी चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट संपेपर्यंत गेटवर थांबून कामगारांशी बोलले होते. समितीतल्या बाहेरून आलेल्या सरांनी मात्र दोन पानं उलटली आणि ते म्हणाले, "कान हे काय मोजमाप झालं? विषय बदला."

कोपऱ्यात कूलर घरघरत होता. त्या सकाळी रहाटणीच्या आमच्या गॅरेजमधून निघताना अब्बांनी हातात दिलेला स्क्रू-ड्रायव्हर मी पर्समधून काढला, टोक कूलरच्या मोटरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. अब्बा इंजिन असंच ऐकायचे.

"बेअरिंग गेलंय, सर. ऐका ना."

सर खरंच उठले, वाकले आणि त्यांनी मूठ कानाला लावली. "अरेच्चा! कुरकुर येतेय की!" मग अख्खी समिती ऐकायला रांगेत उभी राहिली. विषय तिथल्या तिथे मंजूर झाला.

बाहेर येऊन मी फोनवर ओरडलेच, "अब्बा, मंजूर! तिथल्या कूलरचं गेलेलं बेअरिंग ऐकवलं त्यांना!"

"ते ठीक आहे बेटा. पण तो कूलर बंद करून आलीस ना? मोटर जळंल त्यांची."

शाबासकी दिली नाही म्हणून मी दोन दिवस रुसले होते. आता कळतं, माझ्या कानाबद्दल त्यांना शंका नव्हतीच. काळजी फक्त मोटरची होती.