जसिंताच्या झिंकच्या गोळ्या

औषधाच्या बाबतीत जसिंता कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. वरळीच्या एका विमा कंपनीत तिने चौतीस वर्षं टायपिस्टची नोकरी केली, पण प्रभादेवीच्या त्यांच्या गल्लीत तिची ओळख अर्धी डॉक्टर म्हणूनच. कुणी शिंकलं तरी ही खिडकीतून विचारणार, "काय घेतलंस?" लोक हसायचे, आणि ती सांगेल ते घ्यायचेही.

कोविडात तिचा एकुलता एक मुलगा, आल्विन, गेला. एकेचाळीस वर्षांचा. त्याला शेवटचं पाहताही आलं नाही. त्या दिवसांत डॉक्टरांनी घरच्यांना चौदा दिवस झिंकची गोळी लिहून दिली होती. चौदा दिवस सरले, जसिंताची गोळी काही सरली नाही. निदान नवरा, एरिक, तरी तिला हातचा जाऊ द्यायचा नव्हता. रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना झाली की ती एरिकच्या तळहातावर गोळी ठेवायची. स्वतः घ्यायची नाही. "मला काय धाड भरलीय?" म्हणायची.

दोनेक वर्षांनी एरिकला वरचेवर ताप येऊ लागला. तोंड यायचं, जिना चढताना धाप लागायची. प्रतिकारशक्ती कमी पडतेय म्हणून तिने एकाच्या दोन गोळ्या केल्या, मग तीन. अति तिथे माती हे बिचारीला औषधाच्या बाबतीत कधी सुचलंच नाही.

यंदा न्यूमोनिया झाला आणि एरिकला परळच्या एका हॉस्पिटलात भरती करावं लागलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला बसवून सांगितलं, की झिंक शरीराला लागतं, पण थोडंच. वर्षानुवर्षं जास्त गेलं की अन्नातलं तांबं अंगी लागत नाही, आणि तांब्यावाचून या पेशी नीट तयार होत नाहीत.

"तांबं चालू केलंय, पण पेशी वाढायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "खरं तर गेल्या वर्षीच यांना ओपीडीत सांगितलं होतं, झिंक बंद करा म्हणून. केसपेपरवर आहे."

जसिंता खाटेपाशी आली. "तुला ठाऊक होतं?"

एरिकने मास्क जरा बाजूला केला. "होतं."

"मग घेत कशाला राहिलास रे?"

"मी गोळी घेतली की तू जेवायचीस. नायतर ताट तसंच ठेवायचीस."

चौथ्या दिवशी एरिक गेला.

महिन्याने ती चर्चमध्ये कन्फेशनला, फादरपुढे पापाची कबुली द्यायला, गेली. एकही गोळी न लपवता सगळं सांगितलं. फादर मायाळू माणूस. "आंटी, हे पाप नाही," ते हळूच म्हणाले. "तुम्ही मायेने दिलंत. यात माफी मागण्यासारखं काही नाही. शांतपणे घरी जा." प्रायश्चित्त म्हणून एक साधी प्रार्थनासुद्धा त्यांनी सांगितली नाही.

जसिंता उठली नाही. मागे रांग खोळंबली होती. फादर आणि तिच्यामधल्या जाळीला कपाळ टेकून ती म्हणाली, "काहीतरी शिक्षा द्या ना, फादर."