तिला एकटीला जायचं होतं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुलांनी विचारलं की एकच उत्तर द्यायचो, "तुमच्या आईनंच उपचार सोडले." ते खरं नाही.

अंगणात सडा टाकताना ती घसरून पडली. मनगटाचं हाड जुळलं, पण भीती गेली नाही. उंबऱ्यापाशी आली की भिंत धरून थांबायची. डॉक्टरांनी जालन्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. वडीगोद्रीहून आम्ही दोघं एसटीनं जायचो. पडायच्या विचारानं मनात काय काय येतं, ते बाई तिला बोलायला लावत. आधी दारात उभं राहा, मग अंगणात, असं थोडंथोडं करून घेत. एकदा म्हणाल्या, "काकू, आता समोरच्या घरी एकटीनं जायचं. काका, तुम्ही दारात थांबायचं. हात द्यायचा नाही, बोलायचंही नाही."

"न बोलता? हे?" ती हसली. "बाई, माझ्यापेक्षा अवघड काम तर यांना दिलं तुम्ही."

तिनं संक्रांतीचा दिवस निवडला. आदल्या वर्षी तिचं वाण सुनेनं वाटलं होतं. ताट घेऊन ती गल्लीत उतरली. सावकाश, पण भिंत न धरता. समोरच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या.

"या मामी! सापडला का रस्ता?"

पायरीपाशी ती थांबली, पदर सारखा करायला. ते मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी धावलो, हळदीकुंकवाच्या बायकांत घुसलो आणि तिचा दंड धरला.

"अहो, सोडा! जाऊन राह्यले ना मी."

"मामा, तुम्हालाबी लावायचं का कुंकू?" एकीनं विचारलं. सगळ्या खिदळल्या. ती खाली मान घालून माघारी फिरली.

पुन्हा जालन्याला आली नाही. "कशाला? तुम्ही हायेत ना धरायला," म्हणाली. तो टोमणा होता, आणि तरीही ऐकून मला बरं वाटलं. नोकरी संपल्यापासून माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. आता तिचं अडायचं. पाणी, औषध, चप्पल, सगळं मी हातात देत गेलो. शेजारीपाजारी माझं कौतुक करत. तिचे पाय बारीक होत गेले.

शेवटच्या आजारात मी उशाशी बसून होतो. तिनं डोळे उघडले, तेव्हा मी नुसतं पांघरूण सारखं केलं. म्हणायचं होतं ते इतकंच: त्या दिवशी तू पडत नव्हतीस. पायरी तू चढली असतीस. तुझी भीती जात होती, ते मलाच सोसलं नाही. चुकलो मी. माफ कर.