विलायतेची पदवी आणि सेलूचा रुमाल

सरकीच्या ढिगावर बसून उठलं की धोतराला कापूस चिकटतोच. झटकला तरी थोडा राहतो. आमच्या दिगूच्या विलायतेच्या गोष्टींचं तसंच झालंय. सेलूच्या आमच्या पेढीवर जो येई तो एखादी घेऊन जाई, आणि माझ्या अंगावर सगळ्याच राहिल्या. थोड्या झटकतो.

निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. गल्ल्यात निजामाचं हाली नाणं आणि हिंदुस्थानचा कलदार रुपया अजून शेजारी शेजारी बसत होते. तेव्हा माझा थोरला मुलगा दिगू हैदराबादेहून कॉलेज करून आला आणि म्हणाला, "बाबा, विलायतेत एक पदवी आहे. रसायन आणि व्यापार, दोन्ही एकातच."

माझं शिक्षण उर्दू चौथी. पुढचं सगळं तेलाच्या डब्यांवर आणि तेलबियांच्या पोत्यांवर बसून झालं. मी काही बोलायच्या आत आमचे दलाल काशिनाथराव बोलले, "रसायनाचं समजलं. पण व्यापार शिकायला विलायत? मग शेठ, तुमी इतकी वर्सं हितं काय करायलाव?"

मी म्हणालो, "करायलोय. शिकलो कुठं?"

आणि दिगूचं जाणं त्या वाक्यावर ठरून गेलं.

*

आमच्या मंडळींना, म्हणजे दिगूच्या आईला, मात्र कुणी विचारलं नाही. पेढी आणि घर यांच्यामध्ये एक दार आहे, तिथं उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं. दिगू पाया पडला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जायचं तर जा. पण शिकलेलं हितं आणून टाक. तिकडंच सांडून येऊ नको."

*

वालूरचे शेतकरी रंगनाथ दरसाल आमच्याकडं करडी घालतात. त्यांनी एकदा विचारलं, "पोरगं तिकडं काय शिकायलंय?"

"तेलाचा साबण कसा करायचा, ते."

"साबन तर बाजारात भेटतो की. त्याच्यासाठी जहाजात कशाला बसायचं?"

मी सांगितलं की दाण्यात तेल किती आहे हेसुद्धा तो मोजायला शिकतोय. रंगनाथांनी मुठीतली करडी निरखली. त्यांचा दाणा बारीक, दिसायला मळकट. तेल भरपूर, पण खरेदीदार रंग बघून भाव पाडायचे. जाताना म्हणाले, "मग बसू दे जहाजात. पण परत येऊ दे म्हणजे झालं."

*

तिकडं पहिल्याच वर्षी दिगूनं पेढीची अब्रू राखली, असं मी म्हणतो. त्याचे प्राध्यापक वेगळं म्हणाले.

प्रयोगशाळेत सगळ्यांना एकेक बाटली दिली होती. आत कोणतं तेल आहे ते ओळखायचं. बाकीची पोरं काचेच्या नळ्या मांडायला लागली. दिगूनं बोट बुडवलं, तळहातावर चोळलं, हुंगलं आणि जिभेवर लावलं. आपल्याकडं तेल असंच बघतात, त्याला दुसरं सुचणार कसं? प्राध्यापक पांढरेफटक पडले. ती वस्तू तोंडात घालायची नसते, त्यात विषही असू शकतं, म्हणून त्याला दिवसभर बाहेर काढलं.

बाहेर जाता जाता दिगू म्हणाला, "सर, शेंगदाण्याचं आहे. आणि खवट झालंय."

दुसऱ्या दिवशी आत घेतलं. पण दारात आधी बजावलं, "तोंड बंद." दिगूला वाटलं, बोलायचं नाही, तो आठवडाभर चकार शब्द बोलला नाही, आणि प्राध्यापक त्याच्या शिस्तीचं कौतुक करत राहिले.

*

व्यापाराच्या तोंडी परीक्षेत त्याला विचारलं, तुमच्या भागात भाव कसा ठरतो? दिगूनं परीक्षक साहेबांचा हात मागितला आणि वर रुमाल टाकला. आमच्या बाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची, बोटांनीच आकडा सांगायचा. भोवती माणसं उभी असतात, पण भाव त्या दोघांनाच कळतो. आणि तोंडावर काही दिसलं की माणूस बुडाला.

साहेब आधी लाजून लाल झाले. मग त्यांना गोडी लागली. पुढं चहाच्या वेळी दोन प्राध्यापक टेबलाखाली एकमेकांची बोटं धरून बसलेले दिसायचे, असं दिगू सांगतो. यातलं थोडं दलालीचं धरून चाला.

*

पदवी झाली आणि तिकडच्या एका साबणाच्या कारखान्यानं त्याला नोकरी देऊ केली. उत्तर द्यायच्या आधी तो महिनाभर घरी आला. काशिनाथरावांनी स्टेशनावरच त्याचा कोट बघितला आणि माझ्या कानात म्हणाले, "शेठ, पाखरू उडालं."

मी त्याला बाप म्हणून बोललो, व्यापारी म्हणून बोललो. तो सगळ्याला "बघू" म्हणे. त्याची आई नुसती भाकरी वाढत होती.

निघायच्या आदल्या दुपारी पेढीवर मी, काशिनाथराव आणि करडीचं पोतं घेऊन आलेले रंगनाथ. रंगनाथांनी पोत्याचं तोंड सोडून ठेवलं होतं, पण दिगूकडं बघायचं टाळत होते. तेवढ्यात मधल्या दारातून मंडळी आल्या. आमच्या लग्नापासून त्यांनी दिवसा पेढीत पाऊल टाकलं नव्हतं.

"दिगू, हात दे."

त्यानं दिला. त्यांनी त्यावर पदर टाकला.

आम्ही तिघं पुढं सरकलो. पदर हलला. थांबला. दिगूनं मान हलवली. पदर पुन्हा हलला. त्याच्या तोंडावर ऊन-सावली चालली होती, सगळी पदवी वाया गेल्यासारखी. त्यांच्या तोंडावरची माशी हलली नाही. एकदा त्यानं हात ओढून घेतला, त्यांनी सोडला नाही. शेवटी तो खुदकन हसला, डोळे पुसले आणि आपण होऊन हात पुढं केला. पदराच्या आतच सौदा पटल्याची टाळी वाजली.

त्यांनी पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "मागची खोली रिकामी करा. त्याच्या नळ्या-बाटल्या तिथं मांडू. साबणाची भट्टी अंगणात. आन दिगू, आधी रंगनाथभाऊंची करडी बघ रे."

मी काशिनाथरावांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. त्यांना राहवेना.

"वहिनी, भाव काय फुटला?"

दारातून वळून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी दलाल ना? कापडाखालचा भाव कुणी इचारतं का?"